आबांचा लाल धागा

आबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या लूम-कंपनीच्या पर्वत पाटियाच्या ऑफिसात प्रोग्राम कंपाइल करत होते. महिना होत आला, तरी क्रॅश आला की मान आपोआप त्यांच्या टेबलाकडे वळते...

आबा आमचे सगळ्यांत जुने प्रोग्रामर. धुळ्याकडून इथे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, मेकॅनिक म्हणून आले आणि लूमच्या कंट्रोलरचे प्रोग्राम लिहायला आपले आपणच शिकले. मी नवीन होते तेव्हा हौसेने कंपायलरची, म्हणजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत आणणाऱ्या सॉफ्टवेअरची, सगळ्यात वेगवान सेटिंग चालू केली. लूम काय पळाला म्हणता! आणि दहा मिनिटांत प्रोग्राम क्रॅश. सेटिंग काढली की सगळं सुरळीत. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक बघायला येणार होतं. शेठ म्हणाले, सेटिंग काढा आणि या पोरीच्या हातात पुन्हा प्रोग्राम देऊ नका. आबा मात्र खुर्ची ओढून शेजारी बसले.

"बेटा, चूक आधीपासूनच आत आहे. आज उघडी पडली."

तपासायला मी धाग्यांचा आकडा स्क्रीनवर दाखवणारी एक ओळ घातली, तर क्रॅशच गायब! मी रडकुंडीला आलेली आणि आबा खुशीत मांडीवर थापा मारतायत, लपली म्हणजे इथेच कुठेतरी आहे! मग म्हणाले, अर्ध्या फाइली वेगवान कर, अर्ध्या साध्या ठेव. क्रॅश ज्या अर्ध्यात, त्याचे पुन्हा दोन भाग. चहा होईपर्यंत एकच फाइल उरली. वर लिहिणाऱ्याचं नाव होतं... आबांचंच. धाग्यांचा आकडा सेन्सर मधूनच बदलतो, हे कंपायलरला सांगणारा एक शब्द घालायचा राहिला होता. त्यामुळे वेगाच्या नादात कंपायलर तो आकडा एकदाच वाचायचा, आणि प्रोग्राम डिझाइन संपलं तरी पुढेच जाऊन कोसळायचा. मी मान खाली घालून बसले. एवढा मोठा माणूस, आता विषय बदलणार, असं वाटलं. आबा उठले आणि शेठच्या केबिनपर्यंत आपल्या अहिराणीत ओरडत गेले, "सापडनी! चूक मनीच शे!"

कापडात दोष दिसला की लूमवाले काठाला रंगीत धागा बांधतात. आबा सापडलेल्या प्रत्येक चुकीचा लाल धागा टेबलावरच्या जुन्या कंट्रोलरच्या मुठीला बांधायचे. त्या दिवशीचाही बांधला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाने वेगवान लूम बघितला, आणि प्रोग्राम माझ्याच हातात राहिला.

परवा पुन्हा क्रॅश आला. अर्धं-अर्धं करत गेले, शेवटी उरलेली फाइल माझी. ऑफिसात सगळे जेवायला बसलेले. गुपचूप दुरुस्त केली असती तर कुणाला कळलंही नसतं. मी आबांच्या ड्रॉवरमधलं लाल धाग्याचं रीळ काढलं, मुठीला धागा बांधला आणि शेठच्या केबिनपर्यंत ओरडत गेले. आवाज मधेच फुटला, पण चूक माझी होती हे सगळ्यांनी ऐकलं.