मेंग दोक-सूचं बदललेलं रक्त

कोरियातल्या मोक्पो बंदरामागच्या गल्लीत मेंग दोक-सूचं लाँड्रीचं दुकान होतं. माणूस इतका बुजरा, की गिऱ्हाईक पैसे द्यायला विसरलं तर हाच आतल्या खोलीत जाऊन लपायचा. उगाच त्याला अवघडल्यासारखं व्हायला नको. पण गल्लीत त्याला कुणी नावं ठेवत नसे. "ए रक्तगटाचा आहे हो बिचारा," एवढं म्हटलं की विषय मिटायचा. ए म्हणजे भित्रा, मनातल्या मनात कुढणारा. बी म्हणजे आपलंच खरं करणारा. ओ म्हणजे दिलदार, हसतमुख, चारचौघांत पुढे होणारा. एबीबद्दल मात्र कुणी मोठ्यानं बोलत नसे. शेजारीच एखादा बसलेला असायचा.

बायको ओक-बून बी गटाची. "घरात एक तरी गप्प बसणारा हवा," म्हणून तिच्या आईनं ए गटाचा जावई शोधून आणला होता. संसार त्या हिशेबानं बरा चालला होता.

लेकीचं, दाऊनचं, लग्न ठरलं. हल्ली लग्नात पुढे उभं राहून दोन शब्द बोलायचं काम बापाकडे असतं. व्याही मासळीच्या लिलावात बोली पुकारणारे, ओ गटाचे. तेच बोलतील आणि मेंग नुसता वाकून नमस्कार करील, असं ठरलं. मेंगला त्या दिवशी शांत झोप लागली.

मग त्याच्या पित्ताशयात खडे निघाले. शस्त्रक्रियेआधी नर्सनं रक्त तपासलं.

"काका, तुमचा गट ओ."

"नाही हो, ए."

"ओच आहे. दोनदा पाहिलं."

"माफ करा," मेंग म्हणाला.

ओक-बून शेजारीच उभी होती. "म्हणजे दाऊनचे आप्पा, इतकी वर्षं तुम्ही मला फसवलंत?"

"मलाच कुठं ठाऊक होतं गं!"

"तुम्ही रुसून बसायचात, मी म्हणायचे, जाऊ दे, ए आहे. ओ आहात हे कळलं असतं तर पहिल्याच दिवशी सरळ केलं असतं!"

तो घरी येण्याआधी बातमी गल्लीत पोचली होती. समोर मासळीच्या वड्या विकणाऱ्या चू मावशी बाटली घेऊनच आल्या. "ओ माणूस आहात मेंगसाहेब, म्हणा एखादं गाणं! इतके दिवस लपवून ठेवलंत, चोर कुठले!" मेंगला गाता येईना. मग त्याला वाटलं, निदान हसावं. दुसऱ्या दिवशी दुकानात त्यानं ओ माणसासारखं गडगडून हसून पाहिलं. वाफेची नळी फुटली असं समजून दोन गिऱ्हाइकं बाहेर पळाली.

दाऊन म्हणाली, "आप्पा, रक्तगट आता जुना झाला. हल्ली फोनवर प्रश्न विचारतात, सोळा स्वभावांपैकी आपला कोणता ते कळतं." ती प्रश्न वाचू लागली. "अनोळखी माणसांत तुम्ही आपणहून बोलता का?"

मेंगनं तोंड उघडलं, तोच ओक-बून स्वयंपाकघरातून ओरडली, "ओ आहेत ते! हो लिही!"

सगळी उत्तरं स्वयंपाकघरातूनच आली. निकाल लागला: मेंग दोक-सू हा जन्मजात सेनापती.

"झालं तर," ओक-बून हात पुसत म्हणाली. "सेनापती बसून राहिला आणि व्याही बोलले, तर लोक काय म्हणतील? दाऊनचे आप्पा, भाषण तुम्हीही करायचं."

मेंगचं जेवण सुटलं. दुकानात टांगलेल्या कोटांसमोर तो भाषण घोकायचा. कोट काही बोलत नसत, तरी त्याचे पाय लटपटायचे. ओ माणसाचे पाय असे लटपटतात का? की तपासणीच चुकली?

लेकीच्या लग्नात घालायचा स्वतःचा कोट इस्त्री करताना त्याला एकदम आठवलं. लष्करात भरती झाला तेव्हाची रांग. कारकून एकेकाचा रक्तगट विचारत होता, गळ्यातल्या बिल्ल्यावर कोरायला. पुढचा पोरगा म्हणाला, "ए." मग कारकुनानं मेंगला विचारलं. मेंगला माहीत नव्हतं. पण "माहीत नाही" म्हटलं असतं तर अख्खी रांग वळून बघणार होती.

"याच्यासारखंच," तो म्हणाला होता.

म्हणजे भित्रा तो आधीच होता. ए नंतर झाला. या शोधात तो इतका रमला, की कोटाची कॉलर करपली.

लग्नाच्या दिवशी करपलेल्या जागेवर फूल टाचून मेंग उभा राहिला. व्याही नुकतेच सभागृह दणाणून सोडून बसले होते. मेंगनं माईक दोन्ही हातांनी धरला.

"मी ओ आहे," तो म्हणाला. चू मावशींनी टाळ्या पिटल्या. "पण भित्रा आहे. रक्ताचा त्यात दोष नाही." पुढचं घोकलेलं सगळं तो विसरला. मग तो जावयाकडे वळला. "जावईबापू, आमची दाऊन काही विचारील आणि तुम्हाला ठाऊक नसेल, तर ठाऊक नाही म्हणा. दुसऱ्याचं उत्तर देऊ नका. ते फार वर्षं पुरतं."

तो बसला. लोकांना भाषण संपलं हे कळायला थोडा वेळ लागला.

पंगतीत हाडांचं गरम सूप आलं. ओक-बूननं त्याच्या वाडग्यात आपल्यातला मांसाचा तुकडा टाकला, आणि मोठ्यानं विचारलं, "मग दाऊनचे आप्पा, तुम्ही नक्की आहात तरी कोण?"

"माहीत नाही," मेंग म्हणाला. आवाज जरा मोठाच निघाला.

आजूबाजूची चार टेबलं वळून बघू लागली. मेंगचे कान लाल झाले. तो सूप पीत राहिला.