अकरा करंजांचे मास्तर

आमच्या ठाकुर्लीच्या सोसायटीच्या कमिटीने मास्तरांना फसवलं. सौदा मी ठरवला होता, म्हणून बोलणारही मीच.

मास्तरांनी कुठल्या शाळेत कधी शिकवलं नव्हतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, तिथूनच निवृत्त झाले. पण जिन्यात माणूस अडवून समजावून सांगायची अशी हौस, की नाव आपोआप पडलं. चालताना नजर जमिनीवर. इमारतीच्या मागच्या भिंतीलगत अकरा करंज होते. त्यांच्या वाळक्या शेंगा ते उन्हाळाभर पिशवीत गोळा करायचे. कोणी हसलं की म्हणायचे, "हसा. तुम्ही पेट्रोलपंपावर रांग लावता, मी झाडाखाली वाकतो. कंबर दोघांचीही दुखते."

मी लग्नाला, हळदीला जनरेटर भाड्याने देतो. हमाली करून इथवर आलोय, फुकट काही सोडत नाही. एकदा मास्तर माझ्या गाळ्यात आले. "शेठ, एखादं जुनं मशीन द्या. झाडावर चालवून दाखवतो."

"बिघडलं तर भरून कोण देणार?"

"बिघडलं तर तुमच्याकडे फुकट झाडू मारीन."

"किती दिवस?"

"अहो, आधी बिघडू तर द्या!"

घाण्यावरून काढून आणलेलं करंजाचं तेल त्यांनी गाळलं, तापवलं, त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून ढवळलं. दुसऱ्या दिवशी बरणीत दोन थर. खाली काळपट ग्लिसरीन, वर मधाच्या रंगाचं इंधन. ते धुऊन, सुकवून टाकीत ओतलं. मशीन तीनदा खोकलं आणि धडधडत सुरू झालं. धुराला कडवट वास. मास्तरांनी माझं मनगट इतकं आवळलं की घड्याळाचा पट्टा तुटला. "शेठ, झाड बोलतंय!" पट्टा कोण भरून देणार, हे विचारायचं मी साफ विसरलो. त्यानंतर आठवडाभर दिसेल त्याला गाळ्यात ओढून नेऊन मशीन ऐकवत होतो.

मग मे महिन्यात वीज गेली, ती येईना. पंप बंद, नळ कोरडे, सोसायटीच्या जनरेटरची टाकी रिकामी, बाहेर डिझेल मिळेना. करंज तोडून पार्किंग करायचं कमिटीच्या मनात होतंच. मी तिथल्या तिथे सौदा केला: मास्तरांचं तेल घ्या, झाडं राहू द्या. अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले, "मास्तर आहेत तोवर पानालाही हात लागणार नाही." बायकांनी हंडे खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. तीन दिवस प्रत्येक मजल्यावर पाणी चढलं. भाजीवालीकडून कोथिंबीर वसूल करणारा मी, पण त्या दिवशी कागद मागितला नाही.

पुढच्या वर्षी मास्तर नातवाच्या बारशाला वर्तकनगरला, लेकीकडे गेले. दोन दिवसांनी परतले तेव्हा भिंतीलगत अकरा बुंधे होते. भुशातून शेंगा वेचत ते एवढंच म्हणाले, "शेठ, या अजून पिकल्या नव्हत्या." महिनाभरात कायमचे लेकीकडे राहायला गेले.

मी विचारलं तर अध्यक्ष म्हणतात सेक्रेटरीला विचारा, सेक्रेटरी म्हणतात ठराव जुनाच होता. ठराव जुना असेल, शब्द नंतरचा होता.

मास्तरांनी जाताना दिलेला त्या इंधनाचा शेवटचा कॅन मी जपून ठेवलाय. वर्तकनगरला जाऊन यायला माझ्या टेम्पोला तेवढा पुरेल. येत्या सभेला मी मास्तरांना घेऊन येतो आणि पहिल्या रांगेत बसवतो. कमिटीवाल्यांनो, त्यांच्या तोंडाकडे बघून सांगा, ते बारशाला गेले असताना करवतवाल्याला कोणी बोलावलं?