मॅनिफेस्टमधली एक ओळ

सानपाड्याच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा हा माणूस सगळ्यांना देवमाणूस वाटतो. आमच्या अ‍ॅपची मॅनिफेस्ट फाइल तोच सांभाळतो. प्रत्येक स्क्रीनच्या क्लासचं, म्हणजे ती चालवणाऱ्या कोडच्या तुकड्याचं, नाव तिच्यात नोंदवावं लागतं. नोंद नसली की ती स्क्रीन उघडताच अ‍ॅप बंद पडतं. रोज सकाळी तो ती नावं हजेरी घेतल्यासारखी पुटपुटतो. काही विचारलं तर म्हणतो, “टेन्शन नको घेऊ, मी हाय ना.”

काल क्लायंटसमोर मी माझी नवी स्क्रीन उघडली आणि अ‍ॅप बंद पडलं. तो खिडकीपाशी पाठमोरा चहा ढवळत होता. वळलाही नाही.

“तुझा क्लास मॅनिफेस्टमध्ये नसंल,” म्हणाला.

मिनिटभरात त्याने ओळ घातली. साहेबांनी त्याचा खांदा थोपटला. मीही थँक्यू म्हणालो.

ती ओळ परवा मीच लिहिली होती, त्याच्यादेखत.