बाबांनी बोटीवरून आणलेला मिक्सर

मंडळी, आज क्रूझवर आहे. केबिनमधल्या बोर्डात माझ्या चार्जरची पिन बसेना, म्हणून केबिन आवरणाऱ्या माणसाकडे अडॅप्टर मागितला. तो हसतमुखाने घेऊन आला आणि मला बाबा आठवले. बोटीवर तेही हेच काम करायचे.

ऐंशीच्या दशकात ताईच्या साखरपुड्यात सासरच्यांना द्यायला त्यांनी परदेशी मिक्सर आणला. तो आपल्या विजेवर थेट चालत नव्हता, म्हणून सोबत एक जड ट्रान्सफॉर्मरही आणला.

भिसेगावच्या आमच्या घरात, सगळ्यांसमोर, ताईच्या होणाऱ्या सासऱ्यांनी मिक्सरची चपटी पिन कापली आणि उघड्या वायरी आगकाड्यांनी बोर्डात खोचल्या.

"व्याहीबुवा, थांबा! आधी हा डबा लावा, नायतर जळंल," बाबा म्हणाले.

"आमाला शिकवू नका," म्हणत त्यांनी बटण दाबलं.

भसकन धूर निघाला. सासरे हसले. "लोकांचे संडास धुनारा मानूस, असलाच माल देनार!"

बाबांनीच हात जोडून माफी मागितली.

लग्न झालं. पाहुणे आले की सासरे तो जळका मिक्सर ताईलाच फळीवरून काढायला लावायचे आणि हा किस्सा सांगायचे. बाबा वारले, तेव्हा ताईला भेटायला आलेल्यांनाही सांगितला.

मुलीचा बाप म्हणून दुसऱ्याच्या चुकीची माफी मागणारं तुमच्या घरात कोणी होतं का?