चोइझिलची फटफटी आणि त्सेवेलचं कुत्रं

त्या उन्हाळ्यात आमच्या खोऱ्यात एकच कुजबुज होती. चोइझिल मिस्त्रीची फटफटी रोज बंद पडते, आणि पडते ती नेमकी विधवा त्सेवेलच्या दारात.

ही कुजबुज कुणी सुरू केली ते मी सांगणार नाही. गोम्बो ट्रकवाल्याचं नाव अशा ठिकाणी घेतलेलं त्याला आवडत नाही. लोकर भरून तालुक्याला जाताना त्यानं सलग तीन दिवस पाहिलं म्हणे. खिंडीवर फाट्‌ फाट्‌ असे दोन बार उडाले, फटफटीनं मान टाकली आणि उतारानं घरंगळत ती त्सेवेलच्या घोडे बांधायच्या दोरीपाशी जाऊन उभी राहिली. जणू दाणावैरण तिथंच मिळते. आणि त्सेवेलचं कुत्रं! तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरला दोनदा फाडलेलं ते कुत्रं, ज्याच्यापायी आम्ही सगळे अर्ध्या मैलावरून ‘कुत्रं धरा’ म्हणून ओरडत येतो, ते चोइझिलला बघून शेपूट हलवत होतं. कुत्रं खोटी साक्ष देत नाही, असं गोम्बोचं म्हणणं. त्यात मीही थोडं मीठ घातलं असेल. उन्हाळे लांब असतात आमच्याकडे.

आता चोइझिल कोण, ते सांगायला हवं. वय अठ्ठेचाळीस, उंची बेताची, पाय घोडेस्वाराचे बाकदार, पण घोड्यावर बसलेलं त्याला कुणी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. तालुक्यात पेट्रोल पंपाशेजारी एक लोखंडी डबा टाकून त्यानं त्यात दुकान मांडलं होतं. नखं इतकी काळी की त्यानं तपकिरीची बाटली पुढे केली की लोक आधी बाटली पुसून घेत. आणि कान मात्र असा की खिंडीपलीकडून गाडी येत असताना हा सांगे, बाट्‌सुखची आहे, चोक ओढून ठेवलाय गाढवानं. एका लग्नात वडीलधारे नवरा-नवरीला आशीर्वाद देत होते, तर हा मध्येच उठून नवऱ्या मुलाला सांगून आला की तुझ्या गाडीचा फ्लोट चिकटतोय. ‘माहीत नाही’ हे दोन शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडलेले आम्ही कधी ऐकले नव्हते.

म्हणूनच तर कुजबुज टिकली. दुसऱ्या कुणाची गाडी रोज बंद पडली असती तर लोक म्हणाले असते, जुनी झाली. पण सबंध तालुक्याचे कार्बोरेटर ज्यानं उघडले त्या माणसाला स्वतःचा एक दुरुस्त करता येऊ नये? कसं शक्य आहे? म्हणजे तो करतच नाही.

बिचारा करत होता. रोज सकाळी बायको नान्साल त्याला उन्हाळी तळावरून वाटेला लावायची. आमच्याकडे निघणाऱ्याच्या मागे दूध शिंपडतात, तशी ती शिंपडायचीच. पण तिचा हात सढळ. याकचं साईचं दूध पळीनं घ्यायची आणि चाकावर, टाकीवर, चोइझिलच्या पाठीवर, सगळीकडे उडवायची. वाटेत ते दूध पुसायचं नाही, तेलकट हात त्याला लावायचा नाही, ही तिच्या आईकडून आलेली शिस्त. टाकी घरच्या पिंपातून काठोकाठ भरलेली, वर दुधाचे थेंब, अशा थाटात स्वारी निघे. खिंडीपर्यंत गाडी लोण्यासारखी चाले. मग फाट्‌ फाट्‌, आणि संपलं.

त्सेवेलच्या दोरीपाशी तो कार्बोरेटर उतरवी, जेट फुंकी, फ्लोट हलवून बघे, प्लग काढून डोळ्यांसमोर धरी. प्लग पांढरा फटक. म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय, एवढं त्याला दिसत होतं. का कमी पडतंय, ते दिसत नव्हतं. अर्ध्या तासानं सगळं पुन्हा जोडून किक मारली की गाडी पहिल्या किकेला चालू. त्याला वाटे, जेटमध्ये कचरा होता, निघाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. संध्याकाळी परतताना ती एका ओसाड टेकडीमागे अशीच बंद पडायची. पण तिथं बघायला बिळातल्या खारींशिवाय कुणी नव्हतं, म्हणून त्याची कुजबुज झाली नाही.

नान्सालच्या कानावर गोष्ट पोचायला तीन आठवडे लागले. तिनं आधी काही विचारलं नाही. फक्त सकाळी एका पळीच्या जागी दोन पळ्या दूध शिंपडू लागली, माणूस सरळ जावा आणि सरळ यावा म्हणून. त्या आठवड्यात फटफटी दोरीपाशी अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास उभी राहू लागली. हेही गोम्बोनं मोजलं.

शेवटी एके दुपारी दही गाळता गाळता तिनं विचारलं.

“एकच सांग. तुला ती गाडी दुरुस्त करता येत नाही, की करायची नाही?”

आता इथं कुणीही शहाणा माणूस ‘येत नाही’ म्हणून मोकळा झाला असता. चोइझिल गप्प बसला. नान्सालनं त्या गप्पपणाचा जो अर्थ काढायचा तो काढला. तिनं सांगितलं की उद्या ती मागच्या सीटवर बसून येणार. गाडी त्सेवेलच्या दारावरून सरळ पुढे गेली तर विषय संपला. थांबली, आणि का थांबली ते त्याला सांगता आलं नाही, तर ती तिथूनच आपल्या भावाच्या तळावर जाईल, आणि याकही मागवून घेईल. याक तिच्या माहेरचे होते. तेवीस.

त्या दिवशी चोइझिलनं फटफटीचा सांगाडा तेवढा ठेवला, बाकी सगळं सतरंजीवर मांडलं. जेट सुईनं साफ केले, पेट्रोलच्या कॉकची जाळी धुतली, कार्बोरेटर आणि इंजिनामधलं रबर नवं घातलं, साबणाचा फेस लावून कुठं हवा शिरतेय का बघितलं. सायलेन्सरसुद्धा झटकला. मग सगळं जोडलं आणि मोठ्या मनानं टाकी काठोकाठ भरली.

सकाळी नान्साल ठेवणीतला निळा झगा घालून मागे बसली. बसण्याआधी दूध शिंपडायला मात्र विसरली नाही. भांडण भांडणाच्या जागी.

खिंड आली. फाट्‌. चोइझिलनं डोळे मिटले. फाट्‌ फाट्‌. गाडी घरंगळत निघाली, दोरीपाशी थांबली, आणि कुत्रं शेपूट हलवत आलं.

पाठोपाठ त्सेवेल आपल्या गेरमधून, नमद्याच्या गोल तंबूतून, बाहेर आली. वय अठ्ठावन्न, दोनशे शेळ्या, आणि तोंडात कायम वाळक्या दह्याचा खडा.

“आलात का मिस्त्री? अगबाई, आज दोघं?” ती म्हणाली. “बरं झालं गं. तूच बघ. महिना झाला हा माणूस माझ्या दारात बसतोय. चहा दिला तर थंड करून टाकतो, बोलायला जावं तर ‘हं’ म्हणतो. निम्मा चहा कुत्र्याला पाजतो. कुत्रं बिघडवलं माझं, आता कुणावर भुंकत नाही.”

नान्सालनं खाली मान घातलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

“मग? का थांबली?”

चोइझिलनं हातातला पाना खाली ठेवला. दोन बायका आणि एक कुत्रं त्याच्याकडे बघत होतं.

“माहीत नाही,” तो म्हणाला. “कळत नाही मला. महिनाभर कळलं नाही. तुझी शपथ.”

त्सेवेलनं तोंडातला खडा या गालातून त्या गालात घेतला. नान्साल टाकीकडे वळली. मग तिनं असा प्रश्न विचारला, जो कुठल्याही मिस्त्रीला त्याच्या बायकोनं विचारू नये.

“पेट्रोल तरी आहे का टाकीत?”

“काठोकाठ भरलीय,” चोइझिल म्हणाला. दुखावला होता.

पण ती ऐकते कुठली. दूध तिचंच, त्याला हात लावायचा अधिकारही तिचाच. तिनं झाकणावरची वाळलेली साय नखानं खरवडली आणि झाकण फिरवलं. ते चिकटून बसलं होतं. तिनं जोर लावला, आणि टाकीनं ‘सूऽऽ’ करून एक लांब श्वास आत ओढला.

चोइझिलचा तो प्रसिद्ध कान ताठ झाला. त्यानं झाकण तिच्या हातातून घेतलं, उलटं केलं, मधल्या बारीक छिद्राला तोंड लावून फुंकलं. गाल फुगले, हवा गेली नाही. मग उघड्याच टाकीनं त्यानं किक मारली. गाडी पहिल्या किकेला चालू झाली, कार्बोरेटरला हातही न लावता.

त्यानं त्सेवेलकडे सुई मागितली. छिद्रातून पिवळट, खवट वासाचा एक गोळा निघाला. नान्सालनं तो तळहातावर घेतला, हुंगला, आणि तिला इतकं हसू फुटलं की दोरी धरून खाली बसावं लागलं. त्या दिवशी तिनं त्सेवेलकडे तीन वाट्या खारा चहा घेतला. चोइझिलनंही पहिल्यांदाच आपली वाटी गरम असताना संपवली, आणि कुत्रं रुसलं.

याक जागचे हलले नाहीत. नान्साल आता फक्त मागच्या चाकावर शिंपडते. गोम्बो अजून मानत नाही. म्हणतो, दूध वगैरे नंतर रचलेलं. मलाही जुनी गोष्टच जास्त आवडायची, पण जे होतं ते एवढंच होतं.

टाकीच्या झाकणातलं हवेचं छिद्र दुधानं बुजलं होतं. आत हवा शिरत नसल्यामुळे भरलेल्या टाकीतून पेट्रोल साधारण बावीस किलोमीटरपर्यंतच खाली उतरायचं. कार्बोरेटर उतरवला की सुटलेल्या नळीतून हवा आत जायची, म्हणून गाडी पुन्हा चालू व्हायची. त्सेवेलचा गेर बाविसाव्या किलोमीटरवर होता.