डोळ्याखालचे फुटवे

भगवंतराव माळी केनवडचे. आंबट जंभेरीच्या रोपाची साल चिरायची, तिच्यात गोड संत्र्याच्या फांदीवरचा कोंबाचा डोळा बसवायचा आणि सुताने घट्ट बांधायचा. मुळं जंभेरीची, फळ संत्र्याचं. या कामात त्यांच्या हाताला गुण होता. तोंड मात्र फटकळ. "झाड निवडाले अक्कल लागते, पैसा नाही," असं आमच्या मालेगावच्या भल्याभल्यांना सुनवायचे.

बहात्तर साली त्यांनी माझ्या मामीच्या, सूरजबाईंच्या बागेत चाळीस कलमं लावली. मामा वारल्यावर कापडाचं दुकान मी पाहायचो, बाग मामी पाहायची. चाळीसही डोळे एकाच झाडाचे, भगवंतरावांच्या वडलांनी लावलेल्या संत्र्याचे. तसं गोड फळ दुसऱ्या कुठल्या झाडाचं मी खाल्लं नाही. त्याच वर्षी दुष्काळ पडला. उन्हाळ्यात केनवडची विहीर आटली आणि ते जुनं झाड वाळून गेलं. मामीच्या विहिरीला पाणी होतं म्हणून कलमं तगली. भगवंतराव तांब्यातांब्याने पाणी घालत आणि रोज म्हणत, "माह्या बापाचं झाड आता इथंच उरलं, बाई."

पुढच्या आषाढात ते बैलगाडीवरून पडले आणि पाय मोडून चार महिने खाटेवर गेले. पाऊस त्या वर्षी भरपूर होता. त्यांनी माझ्याकडून मामीला निरोप धाडला, "डोळ्याखालून जंभेरीचे फुटवे येतीन. दिसले का तोडा. नाहीतर वरचं कलम मरते."

मामीने ऐकलं, पण बागेत गडी पाठवला नाही. आठच दिवसांपूर्वी तिने चातुर्मासाचा नेम घेतला होता: हिरवं तोडायचं नाही, कुणाकडून तोडून घ्यायचं नाही. आम्हा जैनांत असा नेम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तिला न विचारता मी गडी पाठवू शकलो असतो. पण पोळ्याची गिऱ्हाइकी होती, बाग हिरवीगार दिसत होती, मला काय कळतं झाडातलं! त्याची लाज मला आजही वाटते.

कार्तिकी पौर्णिमा झाल्यावर भगवंतराव काठी टेकत बागेत आले. झाडं छातीएवढी, काटेरी, तजेलदार. त्यांनी एक पान चुरगळून हुंगलं. मग दुसऱ्या झाडाचं, तिसऱ्याचं. खाली वाकून पाहिलं तर संत्र्याच्या काड्या वाळून गेलेल्या.

"जंभेरी हाय सारी. बाई, निरोप भेटला होता ना?"

"भेटला होता."

"मंग काहून नाही तोडले फुटवे?"

मामीने नेम सांगितला. भगवंतराव मटकन खाली बसले. "पानं वाचवाले गेल्या अन् झाड मारलं तुमी!"

इतकं कडू मामीला जन्मात कुणी बोललं नव्हतं. ती मान खाली घालून उभी राहिली. भगवंतराव उठले, एकेक खोड चाचपत विहिरीपर्यंत गेले आणि तिथेच थबकले. विहिरीजवळच्या झाडाला खाली एकही फुटवा नव्हता. वर कोवळी संत्र्याची पानं होती.

"हे कोनं तोडले?"

मामी म्हणाली, "म्या. बापाचं झाड, बापाचं झाड म्हनत होते तुमी. राहवलं नाही. एका झाडाचे तोडले, अन् नेम मोडला म्हून तीन उपास केले. कोनाले सांगितलं नाही." आणि ती रडायला लागली.

भगवंतरावांनी हात जोडले.

हिवाळ्यात त्या एका झाडावरून त्यांनी उरलेल्या एकोणचाळीस जंभेऱ्यांवर पुन्हा डोळे बांधले. पण चातुर्मास आला आणि मामीने पुन्हा तोच नेम घेतला.

श्रावणात एके सकाळी भगवंतराव कुणाला न विचारता बागेत शिरले आणि झाडाझाडाचे फुटवे मोडून टाकले. मामी घरात बागेकडे पाठ करून बसून राहिली. दुपारी तिने माझ्या हाती त्यांच्यासाठी भाकरी दिली. ती त्यांनी तशीच परत केली.

"तीन दिवस जेवत नाही मी," ते म्हणाले. "बाईनं तोडले त्याचे उपास बाईनं केले. म्या तोडले त्याचे म्याच कराले पायजेत."

मी ते मामीला सांगितलं. तिने ती भाकरी गाईला घातली, आणि त्या तीन दिवसांत तिनेही अन्नाला हात लावला नाही.