तंबूतला हिटर

टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यालगत घडलेलं ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही.

थंडीचे दिवस होते. सकाळीच ग्रामीण रुग्णालयातून आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. पर्यटकांच्या तंबूत उतरलेलं एक जोडपं बेशुद्धावस्थेत दाखल झालं होतं. मागोमाग नवऱ्याचा भाऊ आला. त्याचा संशय तिथल्या स्वयंपाकीण बाईवर होता. आदल्या दिवशी जेवणावरून तिची या जोडप्याशी बोलाचाली झाली होती. "तिनेच जेवणात काहीतरी कालवलं," असं तो ठामपणे सांगत होता.

आम्ही घटनास्थळी पंचनामा केला. तंबूत छोट्या सिलिंडरवर चालणारा गॅसचा हिटर होता. तंबू सांभाळणारा व्यवस्थापक म्हणाला, "सायब, हिटर तर बंदच होता."

बाईंना जबाबासाठी बोलावलं. पन्नाशीच्या, धसईकडच्या. आवाजात भीती नव्हती.

"तेच जेवण आमी सगळे जेवलो, सायब. सकाळी चहा घेऊन गेले तर हाकेला ओ नाय. तंबूची चेन उघडली, आधी गॅसचा कॉक फिरवला, मग दोघांना ओढून भाईर काढलं."

मी लिहिता लिहिता थांबलो. "हिटर बंद होता, तर कॉक कशाला फिरवलात?"

बाईंची नजर दाराबाहेर गेली. तिथे व्यवस्थापक उभा होता. तो त्यांच्या सख्ख्या भावाचा मुलगा, हे मला तेव्हा कळलं. मी घाई केली नाही. अशा वेळी साहेबाने तोंड बंद ठेवावं.

"त्याला आत बोलवा," त्या शेवटी म्हणाल्या. तो आला. "सांग रे खरं. तुझ्या बापाला काय तोंड दाखवायचं ते माझं मी बघीन. बाकीच्या तंबूंतल्या हिटरांनापण तू तशीच तार लावलीस ना? आज तिथं माणसं झोपायची हायेत."

पोरगा रडायलाच लागला. "आत्या, मुद्दाम नाय गो केलं!" हिटर सारखा विझतो, अशी पाहुण्यांची तक्रार होती. म्हणून त्याने आतली सुरक्षेची कळ तारेने जोडून निकामी केली होती. खरं तर हिटरमध्ये बिघाड नव्हताच. बंद तंबूतला प्राणवायू कमी झाला, की तो आपोआप विझत होता. विझल्यावर कॉक बंद करून तंबू उघडा करायला हवा होता, आणि शंका असेल तर हिटर मोकळ्यावर नेऊन मेकॅनिकला दाखवायला. याने विझणंच थांबवलं, आणि विषारी वायू आत साचला.

दुपारपर्यंत तारा जोडलेले सगळे हिटर पंचांसमक्ष जप्त केले. डॉक्टरांनीही वायूच्या विषबाधेचंच निदान केलं. जोडपं वाचलं. भाच्यावर आणि तंबूंच्या मालकावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला.

बाईंच्या भावाने, म्हणजे पोराच्या बापाने, त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्या मात्र भाच्याच्या प्रत्येक तारखेला मुरबाडच्या कोर्टात त्याच्याशेजारी बसलेल्या दिसायच्या, डबा घेऊन. भाऊबीजेला भाऊ आला नाही, तेव्हा ओवाळणीचं ताट घेऊन बाईच त्याच्या दारात गेल्या, असं आमच्या हवालदाराने सांगितलं.

नोकरीत मी असंख्य जबाब घेतले. आपल्या माणसाला वाचवायला खोटं बोलणारे पुष्कळ भेटले, त्यांचा मला राग आला नाही. पण परक्यांच्या जिवासाठी आपल्याच पोराला खरं बोलायला लावायचं, आणि नंतर त्याला एकटंही सोडायचं नाही, हे मी त्या बाईंकडून शिकलो.